गुळाच्या पाकातले चिकन आणि घरचा हिशोब

हल्ली हळद असो, साखरपुडा असो की मुलाला नोकरी लागल्याचे जेवण असो, "स्टार्टर काय ठेवलंय?" हा प्रश्न पाहुणे पहिला विचारतात. पूर्वी शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत मटणाचा रस्सा, तांदळाची भाकरी आणि भात एवढ्यावर मंडप खूष असे. आता जेवणाआधी काहीतरी चटकदार हवे असते. त्यातही पोरांच्या सर्वात आवडीचा प्रकार म्हणजे लालभडक, चकचकीत, गोड-तिखट चिकनचे तुकडे. एक तुकडा तोंडात टाकला की हात आपोआप दुसऱ्याकडे जातो.

आवड वाईट नाही. आपल्या मुलांनी चांगलेचुंगले खावे यासाठीच आपण राबतो. पण बंधू-भगिनींनो, मी पेशाने कारकून. हिशोब मांडल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. समजा, केटरिंगवाल्याने या एका पदार्थासाठी ताटामागे ८० रुपये जादा सांगितले आणि पाहुणे २०० आहेत. म्हणजे १६,००० रुपये झाले. हे सोळा हजार अनेकदा पतपेढीच्या कर्जातून येतात किंवा घरातल्या माउलीच्या गळ्यातली पोत गहाण पडून येतात. मंडप दुसऱ्या दिवशी सुटतो, हप्ता मात्र पुढे दोन वर्षे चालतो.

म्हणून आज हा पदार्थ घरच्या घरी कसा करायचा ते पाहू. त्यात गुपित असे काहीच नाही. चिकनवर जी चकाकी दिसते तो साधा पाक असतो. चिक्कीचा आणि लाडवाचा पाक ज्या हातांना जमतो, त्या हातांना हे चिकन जमलेच म्हणून समजा.

हा प्रकार आपल्याकडे आला कुठून?

गोड, आंबट आणि तिखट रस्त्यात घोळवलेल्या तळलेल्या चिकनची गोडी महाराष्ट्राला लावली ती मुंबईने. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन तयार केले असे मानले जाते. चिकनचे तुकडे कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळले आणि आले, लसूण, मिरची, सोया सॉस यांच्या रस्त्यात टाकले, एवढीच त्याची कृती. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६५ साली, मद्रासच्या बुहारी हॉटेलात 'चिकन ६५' निघाले होते. क्लबातला हा पदार्थ पुढे हातगाडीवर उतरला आणि कल्याण, आसनगावपर्यंत येऊन पोचला. आज शहापूरच्या नाक्यावर आणि मुरबाडच्या बाजारपेठेत संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांभोवती आपलीच पोरे उभी असतात.

परदेशातही असेच घडले आहे. अमेरिकेतील बफेलो शहरात कोंबडीचे पंख सूपाच्या भांड्यात जात, त्यांना कोणी विचारत नसे. १९६४ साली तेथील अँकर बार या हॉटेलच्या तेरेसा बेलिसिमो यांनी ते पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळवले आणि आज जगभर त्याला मागणी आहे. या सगळ्यातून घ्यायचे ते एवढेच की, हे पदार्थ महागड्या जिनसांतून जन्मलेले नाहीत. हाताशी होते त्यातूनच कोणीतरी ते केले. आपल्या हाताशी गूळ आहे, चिंच आहे, लसूण आहे आणि भाताच्या तालुक्यात राहतो म्हणून तांदळाचे पीठ तर आहेच आहे.

आधी कोंबडीकडे पाहा

कृतीकडे वळण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ब्रॉयलरच्या शेड आहेत. अनेक ठिकाणी कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषध देते. शेतकरी शेड आणि मेहनत देतो. पाच-सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो. या शेडवर पडेल ते काम करणारी कुटुंबे बहुधा गरिबांचीच. एप्रिल-मेच्या उकाड्यात पक्षी मरतात, तसे ते रोगानेही मरतात. असे मेलेले पक्षी खड्डा खणून, चुना टाकून पुरायचे असतात. पण "टाकण्यापेक्षा घरी न्या" असे कोणी म्हणाले किंवा अगदी पडेल भावात मटण मिळते आहे असे कळले, तर गरिबाच्या मनाला मोह पडतो.

हा मोह टाळलाच पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका कुक्कुटपालन केंद्रावर सुमारे शंभर कोंबड्या मेल्या. नमुने तपासले तेव्हा बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला आणि एक किलोमीटर परिसरातले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे प्रशासनाने ठरवले. त्याही आधी, २००६ साली, देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ आपल्याच राज्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली होती. तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. अशा वेळी सगळ्यात जास्त धोका कोणाला असतो? आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, तो सोलणाऱ्याला आणि साफ करणाऱ्याला. म्हणजे शेडवरच्या मजुराला आणि घरातल्या बाईला. नीट शिजलेल्या चिकनमध्ये हा विषाणू टिकत नाही. ७० अंश सेल्सिअसला तो मरतो. पण मेलेला पक्षी घरी आणला की चुलीवर चढण्याआधीच अपाय होऊ शकतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले होते की, घरात मेलेल्या जनावराचे मांस शिजू देऊ नका. त्या माउल्यांनी पोटाला चिमटा काढून ते पाळले. आज शेडवरचा मेलेला पक्षी कोणी फुकट देऊ केला तर आपले उत्तर तेच असले पाहिजे. आपले ताट म्हणजे कोणाची टाकाऊ वस्तू संपवण्याची जागा नव्हे. एक वेळ डाळ-भात खावा, पण मेलेली कोंबडी उंबऱ्याच्या आत आणू नये.

कोंबडी आपल्यासमोर कापून घ्यावी. मेल्यानंतर कापलेल्या पक्ष्याचे रक्त नीट वाहून जात नाही, म्हणून त्याचे मांस, विशेषतः मानेकडचे, काळपट लाल दिसते. ताजे मांस फिकट गुलाबी असते, त्याला वास येत नाही आणि बोटाने दाबले तर ते पुन्हा वर येते. शहापूर किंवा मुरबाडहून डोळखांब, किन्हवली, टोकावड्याकडे एसटीने वा जीपने चिकन नेणाऱ्यांनी उन्हाळ्यात ते पिशवीत लोंबकळत ठेवू नये. स्टीलच्या डब्यात घालून भोवती बर्फ ठेवावा आणि घरी पोचताच कामाला लागावे. कापलेले चिकन उकाड्यात तास-दीड तास राहिले की खराब व्हायला लागते.

या पदार्थाला ब्रॉयलरच बरा. गावठी कोंबडीचे मांस चिवट असते, ते सात-आठ मिनिटांच्या तळणीत शिजत नाही. गावठी कोंबडीचा मान रश्श्याला आणि भाकरीला, तो तिथेच राहू द्यावा.

आठ माणसांचे प्रमाण

बिनहाडाचे चिकन एक किलो. तंगडीचे असेल तर उत्तम, ते कोरडे पडत नाही. दुकानात बिनहाडाचा भाव जास्त लावतात, म्हणून पूर्ण कोंबडी घेऊन हाडे घरीच सोडवावीत. त्या हाडांचा दुसऱ्या दिवशी रस्सा होतो. तुकडे पेरूच्या फोडीएवढे, साधारण २५ ग्रॅमचे करावेत. एक किलोत ४० तुकडे होतात, म्हणजे आठ जणांना प्रत्येकी पाच.

चिकनला लावण्यासाठी: आले-लसणाचे वाटण दोन मोठे चमचे, लाल तिखट दोन लहान चमचे, हळद अर्धा लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा, एका लिंबाचा रस आणि एक अंडे.

वरच्या आवरणासाठी: तांदळाचे पीठ १०० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ५० ग्रॅम. कॉर्नफ्लॉवर नसेल तर नुसते तांदळाचे पीठही चालते.

पाकासाठी: चिरलेला गूळ १५० ग्रॅम, पाणी अर्धी वाटी, चिंचेचा घट्ट कोळ दोन मोठे चमचे, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या बारीक चिरून, सुक्या ब्याडगी मिरच्या सहा-सात, तेल दोन मोठे चमचे, चवीपुरते मीठ. सोया सॉस असल्यास एक मोठा चमचा, नसल्यास अडत नाही. वरून भुरभुरायला एक मोठा चमचा भाजलेले तीळ. याशिवाय तळणीसाठी तेल.

कृती

चिकन भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे. नळाच्या धारेखाली धरून धुतले की शिंतोडे उडून शेजारच्या कोशिंबिरीवर, भांड्यांवर जंतू जातात. पाणी पूर्ण निथळू द्यावे. मग सगळा मसाला चोळून अर्धा तास झाकून ठेवावे. जास्त वेळ ठेवायचे असेल तर फ्रीजमध्येच ठेवावे.

तळायच्या वेळी दोन्ही पिठे वरून टाकून प्रत्येक तुकड्याला सगळीकडून पीठ लागेल असे कालवावे. पाणी घालू नये. मसाल्याच्या ओलाव्यात पीठ धरते. गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात चिकटपणा असतो, म्हणून त्याचे आवरण थोड्या वेळाने चामट होते. तांदळाच्या पिठात तो चिकटपणा नसल्यामुळे आवरण कुरकुरीत राहते.

तेल मध्यम तापले की तुकडे एकेक करून सोडावेत. कढईत गर्दी करू नये. गर्दी केली की तेल थंड पडते, चिकनला पाणी सुटते आणि आवरण निघून जाते. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे तळावे. पहिल्या घाण्यातला सर्वात मोठा तुकडा मोडून बघावा. आत गुलाबी रंग दिसता कामा नये आणि रस स्वच्छ आला पाहिजे. सगळे घाणे झाल्यावर आच मोठी करून तेच तुकडे एक-दोन मिनिटे पुन्हा तळावेत. पहिल्या तळणीत चिकन शिजते, दुसऱ्या तळणीत आवरणातला उरलासुरला ओलावा उडून जातो. कुरकुरीतपणा टिकतो तो या दुसऱ्या तळणीमुळे.

आता पाक. मिरच्या गरम पाण्यात भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरवर गंधासारख्या वाटाव्यात. गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. गुळात कचरा असतो, तो दाताखाली आला की सगळी मेहनत वाया. कढईत तेल तापवून लसूण परतावा, तांबूस व्हायच्या आत मिरचीचे वाटण घालावे, तेल सुटले की गुळाचे पाणी, चिंचेचा कोळ, मीठ आणि सोया सॉस घालून मंद आचेवर उकळू द्यावे. पाच-सहा मिनिटांत पाक डावाच्या पाठीला धरू लागतो. ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करावी. थेंब पळाला नाही की पाक झाला. एकतारी पाकाच्या जरा अलीकडेच थांबावे. पुढे गेला तर चिक्की होईल आणि तुकडे एकमेकांना चिकटून बसतील.

चिंच फक्त चवीला नाही. पाकात आंबट असले की साखरेचे खडे पुन्हा धरत नाहीत, पाक गुळगुळीत आणि चकचकीत राहतो. लाडवाच्या पाकात लिंबू पिळतात ते याच कारणासाठी. आणि मसाल्यातच गूळ घालून तळण्याचा आळशीपणा करू नये. गूळ लवकर करपतो. चिकन आत कच्चे राहते आणि बाहेरून काळे होते. म्हणून गोड नेहमी शेवटी.

गॅस बंद करून गरम पाकात गरम चिकन टाकावे, दोन-तीन वेळा हलवून प्रत्येक तुकड्याला पाक लागला की तीळ पेरून लगेच वाढावे. सोबत चिरलेला कांदा, कोबी आणि लिंबू. लहान मुलांसाठी मिरचीचे वाटण निम्मे घालावे.

पौर्णिमेला किंवा वर्षावासात जे मांसाहार करत नाहीत त्यांनी हाच पाक सुरणाला लावावा. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात उकडून घेतल्या की खाज राहत नाही. मग पिठात घोळवून तळाव्यात. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या सुरणाची चव अशी लागते की पाहुणा पुन्हा मागून घेतो.

रंगाचा मोह नको

हॉटेलसारखा लालभडक रंग आला नाही म्हणून नाराज होऊ नका. तो रंग बहुधा पुडीतला असतो. शेजारच्या कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये चिकन कबाब आणि माशांच्या पदार्थांत कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली, ती तपासणीत घातक रंग आढळले म्हणूनच. ब्याडगी मिरची दिसायला लाल आणि चवीला सौम्य, तिचा रंग पुरेसा आहे.

तळणीचे तेलही जपून वापरावे. गाळून एक-दोनदा भाजी-आमटीला वापरले तर हरकत नाही. काळे पडलेले, फेस येणारे, लवकर धूर सोडणारे तेल टाकून द्यावे. आणखी एक गैरसमज आपल्या घरोघरी आहे: गुळाने साखर वाढत नाही. वाढते. वरच्या प्रमाणात एका माणसाच्या वाट्याला जवळपास १९ ग्रॅम गूळ येतो, म्हणजे चहाचे चार चमचे साखर समजा. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना पाकाशिवाय, नुसते तळलेले दोन तुकडे लिंबू पिळून द्यावेत. तेही खूष आणि डॉक्टरही खूष.

दोनशे माणसांचे गणित

घरच्या कार्याला २०० माणसे असतील तर प्रमाण सरळ २५ पट करावे. चिकन २५ किलो, गूळ पावणेचार किलो, तांदळाचे पीठ अडीच किलो. एका मोठ्या कढईत एका वेळी किलोभर तुकडे मावतात. एका घाण्याला आठ मिनिटे धरली तर २५ घाण्यांना २०० मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे लागतात. दोन कढया लावल्या तर एक तास चाळीस मिनिटे. पहिली तळणी पंगतीच्या वेळेआधी दोन तास सुरू करावी, त्याहून आधी नाही. दुसरी तळणी आणि पाक पंगत बसताना. पहिल्या तळणीतच चिकन आतपर्यंत शिजलेले असले पाहिजे. अर्धवट शिजवून ठेवलेले चिकन म्हणजे दवाखान्याचे आमंत्रण. कच्च्या चिकनची परात, सुरी आणि हात यांचा शिजलेल्या चिकनला स्पर्श होऊ देऊ नये.

आता कोणी म्हणेल, एवढे करायचे कोणी? घरातल्या बायकांनी आणखी राबायचे का? मुळीच नाही. आपल्या गावात कार्याच्या वेळी मटणाचे टोप पुरुषच उतरवतात. तेव्हा "स्वयंपाक आम्हाला येत नाही" हे पुरुषांचे म्हणणे रोजच्या दिवसापुरते सोयीचे असते. भावकीतले चार तरुण कढईशी उभे करा, दोघे पाकाला, दोघे वाढायला. डीजेपुढे चार तास नाचणाऱ्या पोरांना दोन तास झारा धरणे जड नाही. आईने आणि आत्याने एक दिवस तरी खुर्चीवर बसून गरम तुकडा खावा.

हेच काम बचत गटाच्या बायकांना चार पैसे मिळवून देऊ शकते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, जनावरांच्या बाजाराला लांबून माणसे येतात. शाळेची संमेलने असतात, लग्नसराई असते. विक्रीसाठी अन्न करायचे तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. आणि भाव ठरवताना चिकन, तेल, गूळ, गॅस, द्रोण, वाहतूक यांच्या बेरजेत आपली मजुरी धरावी. आपल्या भगिनी नेमकी तीच धरत नाहीत. स्वतःची रोजी वजा केल्यावर जे उरते तो नफा. रोजी न धरता जे उरते त्याला नफा म्हणणे ही फसवणूक आहे, आणि ती आपणच आपली करतो.

कार्य ठरले की आधी वही घ्या. एका पानावर केटरिंगवाल्याचा दर लिहा, समोरच्या पानावर वरचे प्रमाण आणि बाजारातले त्या दिवसाचे भाव मांडा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून बेरीज करून घ्या. मग दोन्ही पानांतला फरक तिच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी पोस्टात टाका. पाहुणे चिकन खाऊन तृप्त होऊन जातीलच, मुलीचे वर्षही अडणार नाही.